पन्नास लाखांचा हिशेब

केंद्र शासनाने २०२१ साली दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी सर्व गटांतील रोग्यांसाठी मदतीची मर्यादा ५० लाख रुपये केली. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे औषध मिळेलच याची शाश्वती नाही, तेथे एका रोग्यामागे ५० लाख ही रक्कम औदार्याची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या औदार्याची कसोटी रोग्याच्या घरात लागते. सिस्टिक फायब्रोसिस हा त्या धोरणाच्या यादीतील एक रोग. तो घेऊन जन्मलेले तान्हे मूल वाढवणे म्हणजे काय, हे समजून घेतल्यावाचून या आकड्याला अर्थ नाही.

रोग आनुवंशिक आहे. पेशींतील क्षार-पाण्याची ने-आण करणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक सदोष असते. त्यामुळे फुप्फुसांतील आणि स्वादुपिंडातील स्राव दाट व चिकट होतात. मूल भरपूर दूध पिते, पण पाचक रस आतड्यात पोचत नसल्याने ते बाळसे धरत नाही. शी तेलकट व उग्र वासाची होते, खोकला हटत नाही, आणि घाम इतका खारट असतो की पापा घेताना आईच्या ओठांना तो जाणवतो. कित्येकदा रोगाची पहिली खूण तिलाच कळते, पण तिचे ऐकतो कोण? अंगणवाडीत मुलाची नोंद कुपोषित म्हणून होते, दवाखान्यात न्यूमोनियाचे वा क्षयाचे उपचार होतात, घरी दृष्ट काढली जाते. हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो नाही, ही समजूत वैद्यकीय वर्तुळातही दीर्घकाळ टिकून होती. घामातील क्लोराइड मोजण्याची खात्रीची पद्धत १९५९ सालीच सिद्ध झाली. ती अवघडही नाही, तरी आज ती मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरतीच आहे.

निदान झाले की खरे कष्ट सुरू होतात. दर वेळी पाजण्याआधी पाचक विकरांचे बारीक दाणे चमचाभर फळाच्या गरातून भरवावयाचे आणि तोंडात एकही दाणा राहिला नाही ना हे पाहावयाचे, कारण त्याने हिरड्या सोलवटतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे वेगळी द्यावयाची. रोज दोन वेळा मुलाला मांडीवर घेऊन छाती-पाठ थोपटून कफ सुटा करावयाचा. नेब्युलायझर लावावयाचा, तर वीज असावयास हवी. वरून मीठही द्यावयाचे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात या मुलांच्या घामावाटे इतके मीठ जाते की त्यांच्या जिवावर बेतू शकते. हे सारे काम बहुधा घरातील एक स्त्री आपली मजुरी वा नोकरी सोडून करते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाचा एक पैसाही धरला जात नाही. शिवाय रोगाचा दोषही तिच्याच माथी येतो. वस्तुतः सदोष जनुक आई आणि बाप या दोघांकडून आल्याखेरीज हा रोग होत नाही, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते.

१९५० च्या दशकात ही मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत क्वचितच जगत. आज अमेरिकेत जन्मलेल्या अशा मुलाचे अपेक्षित आयुष्य साठीच्या पुढे गेले आहे. हा पालट विकरे, प्रतिजैविके आणि काळजीपूर्वक संगोपन यांनी सुरू केला. २०१९ साली मान्यता मिळालेल्या ट्रायकाफ्टा या औषधाने तो पुढे नेला. मात्र व्हर्टेक्स कंपनीने त्याची किंमत वर्षाला ३,११,००० डॉलर, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून अधिक, ठेवली.

ही किंमत कोठून आली? रोगाचे जनुक १९८९ साली विद्यापीठांच्या व रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत सापडले. अमेरिकेतील रोगी मुलांच्या पालकांनी १९५५ साली स्थापन केलेल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने लोकवर्गणीतून सुमारे १५ कोटी डॉलर या औषधांच्या संशोधनाला पुरवले. २०१४ साली फाउंडेशनने आपला स्वामित्वधनाचा हक्क ३३० कोटी डॉलरना विकला. कंपनीतील शास्त्रज्ञांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही; परंतु जे ज्ञान समाजाने घडवले, त्याची किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र एका मक्तेदाराकडे गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या औषधाचा उत्पादनखर्च वर्षाला ५,६७६ डॉलर, म्हणजे सुमारे पाच लाख रुपये, असा काढला.

आता शासनाच्या ५० लाखांचा हिशेब मांडावा. कंपनीच्या किमतीला ही रक्कम अडीच महिनेही पुरणार नाही. उत्पादनखर्चाच्या आसपास औषध मिळाले, तर तीच रक्कम दहा वर्षे पुरेल. म्हणजे प्रश्न तिजोरी रिकामी असण्याचा नसून मक्तेदारीपुढे मान तुकवण्याचा आहे.

चढी किंमत नसेल तर संशोधन थांबेल, असा युक्तिवाद केला जातो. श्रीमंत देशांपुरता त्यात काही अंश खरा मानला, तरी येथील शेतमजुराकडून वा शिक्षकाकडून वर्षाला अडीच कोटी कधीच वसूल होणार नाहीत. म्हणजे येथील मक्तेदारीने संशोधनाला काही मिळत नाही. मूल तेवढे औषधाला मुकते.

कायद्यात मार्ग नाही असेही नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, म्हणूनच २००१ साली सिप्ला एड्सची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ शकली. २००५ मध्ये ती तरतूद गेली, तरी कलम ८४ खालील सक्तीचा परवाना शिल्लक राहिला. २०१२ साली त्याचा वापर होताच बायरच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. त्यानंतर मात्र असा परवाना पुन्हा दिला गेलेला नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या औषधासाठी २०२३ साली भारतासह चार देशांतील रोग्यांनी व कुटुंबीयांनी पेटंटविरुद्ध दाद मागितली. अर्जेंटिनात हे औषध स्थानिक कंपन्या बनवतात. २०२५ साली बांगलादेशातील एका कंपनीनेही ते बनवण्याचे जाहीर केले. जगाचा औषधकारखाना म्हणून मिरवणाऱ्या भारताने केवळ पाहत बसावे, हे लांच्छनास्पद आहे.

तथापि एका औषधावर सारी भिस्त ठेवणेही चुकीचे ठरेल. ते दोन वर्षांखालील बालकांना देता येत नाही आणि सर्वच जनुकदोषांवर चालत नाही. भारतीय रोग्यांत जनुकदोषांचे वैविध्य अधिक आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयात घामाची तपासणी, विकरे व जीवनसत्त्वे यांचा मोफत आणि अखंड पुरवठा, आईला छाती थोपटण्याचे शिक्षण, नेब्युलायझर, आणि रोजगार बुडणाऱ्या पालकाला निर्वाहभत्ता, या मागण्या प्रथम आल्या पाहिजेत. त्यांना ना परवाना लागतो, ना परकीय चलन. त्याच जोडीने सक्तीच्या परवान्याची मागणी विधिमंडळात आणि संसदेत धरून लावली पाहिजे.

रोगी थोडे आहेत, त्यांची मतपेढी नाही. म्हणूनच हे काम बाजारावर वा निवडणुकीच्या गणितावर सोडता येत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात खोकणारे, अंग न धरणारे आणि घाम खारट असल्याचे आई सांगते असे मूल आढळले, तर त्याला घामाची तपासणी होईपर्यंत सोबत करावी. समाजवादी आरोग्यनीतीची चर्चा अशा मुलाच्या अंथरुणापाशी सुरू झाली, तरच तिला बळ येईल.