विमानाच्या गणितात वारा का नाही?

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, आणि विमानाला तेथे पोचायला किती वेळ लागतो? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले अंतरासाठी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवतात आणि वेळेसाठी अंतराला वेगाने भागतात. या दोन्ही सवयी मोडल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशावरची सरळ रेघ अरबस्तान, सहाराचे वाळवंट व अटलांटिक महासागर यांवरून जाते. त्या वाटेने अंतर भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. आता कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढा (बहुतेक शाळांत तो कपाटातच असतो!) आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकेल. रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड यांवरून तो जाईल आणि अंतर भरेल सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे न्यूयॉर्क पश्चिमेला असले तरी मुंबईहून निघताना सर्वांत जवळच्या वाटेसाठी विमानाचे तोंड पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच अधिक हवे.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर वेग धरून भागाकार केला, तर १३ तास ५३ मिनिटे येतात. प्रत्यक्षात जाताना पंधरा-सोळा तास लागतात. येताना त्याहून बरेच कमी. काहींना वाटते, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्याचे गाव आपणहून जवळ येईल. तसे होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. मात्र दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. त्यांचा वेग कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. आम्हा कोपरगावकरांना गोदावरी जवळची. होडी धारेबरोबर झपाट्याने जाते, धारेविरुद्ध वल्हवताना दम निघतो, तसेच हे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून, म्हणजे पूर्वेकडून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली. तरी १५,३०० किलोमीटरचा तो प्रवास साडेचौदा तासांत झाला. जवळच्या वाटेने याहून अधिक वेळ लागत असे!

सूत्र खोटे नाही. पण त्यात घालायचा वेग जमिनीच्या संदर्भातला हवा, हवेच्या संदर्भातला नव्हे. इंधन किती भरायचे, हे वैमानिकाला याच हिशेबावरून ठरवावे लागते. आमच्या तालुक्यात काकडीला २०१७ मध्ये विमानतळ सुरू झाला. विमान आता डोक्यावरून जाते, आणि उदाहरणांतले विमान मात्र अजून वारा नसलेल्या आकाशात उडते. प्रश्नपत्रिकेत वाऱ्याचा वेग व दिशा दिलीच पाहिजे. ती दिली नसेल आणि एखाद्या विद्यार्थिनीने “वारा कुठला, सर?” असे विचारले, तर तिला गप्प न बसवता दोन गुण द्यावेत.

जाताना गेले ते येताना भरून निघते, असेही समजू नका. वारा ताशी १०० किलोमीटर धरा. १२,५०० ला एकदा ८०० ने आणि एकदा १,००० ने भागा व बेरीज करा. वारा नसतानाच्या जाण्यायेण्यापेक्षा सुमारे २१ मिनिटे जास्तच येतील, कारण विरुद्ध वाऱ्यात विमानाला अधिक वेळ काढावा लागतो.