कण्याचा कर्करोग आणि चोवीस तासांचा हिशेब

चंडीगडची ‘पीजीआय’ ही संस्था १९६२ मध्ये तत्कालीन संयुक्त पंजाबने उभारली. फाळणीत लाहोर गेले आणि त्यासोबत या प्रांताचे वैद्यकीय शिक्षणाचे जुने केंद्रही गेले, ही त्यामागची पार्श्वभूमी. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि संसदेच्या कायद्यानुसार १९६७ मध्ये संस्था केंद्राच्या अखत्यारीत आली. तेव्हापासून पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरचे रुग्ण येथे येतात; पण त्यांना येथवर वेळेत पोहोचवण्याचे उत्तरदायित्व कोणत्याही एका शासनाकडे नाही. कण्यातील गाठींवरील लक्ष्यवेधी किरणोपचारांचा विचार करताना ही प्रशासकीय फट नजरेआड करता येत नाही.

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग पसरू लागला की तो बहुधा हाडांत, विशेषतः मणक्यांत उतरतो. तेथून मज्जारज्जू काही मिलिमीटरवर असतो. पारंपरिक किरणोपचारात गाठ आणि मज्जारज्जू यांना जवळपास सारखीच मात्रा मिळते, म्हणून ती मर्यादित ठेवावी लागते. नव्या पद्धतीत अनेक दिशांनी सोडलेले किरण गाठीवर एकवटतात आणि मज्जारज्जूपाशी मात्रा झपाट्याने उतरते. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मेंदूसाठी मांडली. तिला कण्यापर्यंत आणायला संगणक आणि उपचारकक्षातच प्रतिमा घेणारी यंत्रे यावी लागली.

या पद्धतीचा लाभ खरा आहे, पण सरसकट नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील २२९ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी वेदना पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण लक्ष्यवेधी उपचारानंतर ३५ टक्के, तर पारंपरिक उपचारानंतर १४ टक्के होते. याउलट, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत एकाच बैठकीतील लक्ष्यवेधी उपचार साध्या आठ ग्रेच्या एकाच मात्रेपेक्षा वेदनाशमनात सरस ठरला नाही. तात्पर्य, रुग्ण पारखून निवडावा लागतो; आणि त्यासाठी एमआरआय, प्रशिक्षित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आणि काटेकोर नियोजनाला लागणारा वेळ हाताशी असावा लागतो.

हा वेळच अनेकांकडे नसतो. गाठीने मज्जारज्जू दाबला की पायांतील शक्ती काही दिवसांत, कधी काही तासांत जाते. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा रुग्णाचा उपचार चोवीस तासांत सुरू करण्याची अपेक्षा आहे. अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासात तातडीची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळालेल्यांपैकी ८४ टक्के, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. उपचाराच्या वेळी जो चालत असतो, त्याचे चालणे टिकण्याची शक्यता अधिक. जो अंथरुणाला खिळून येतो, तो बहुधा तसाच राहतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये न्यू चंडीगडजवळ टाटा मेमोरियल केंद्राचे तीनशे खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झाले. संगरूरला त्याचेच भावंड रुग्णालय आहे. माळव्यातून उपचारासाठी बिकानेरला जाणाऱ्या रुग्णांमुळे जिला ‘कॅन्सर ट्रेन’ हे नाव पडले, त्या गाडीच्या प्रदेशासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण मानसा किंवा सिरमौरमधील स्त्रीची पाठदुखी स्थानिक दवाखान्यात ‘वयोमानाची’ ठरून आठवडे उलटत असतील, तर शहरातील यंत्राची अचूकता तिच्या कोणत्या उपयोगाची? आयुष्मान भारतच्या पाच लाखांच्या कवचातून देयक भागते. वाया गेलेले दिवस भरून निघत नाहीत.

म्हणून मागणी तीन गोष्टींची हवी. कर्करोगाचा इतिहास असलेल्या रुग्णाला नवी पाठदुखी किंवा पायांत अशक्तपणा जाणवला, तर चोवीस तासांत एमआरआय हा जिल्हा रुग्णालयांचा बंधनकारक नियम व्हावा. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’सारख्या साध्या कोबाल्ट यंत्रावरही आठ ग्रेची एक मात्रा देता येते, ती सोय जिल्ह्यांच्या आवाक्यात आणावी आणि लक्ष्यवेधी उपचार निवडक रुग्णांसाठी मोठ्या केंद्रांत राखून ठेवावा. तिसरे, संबंधित राज्ये आणि केंद्र यांनी मिळून रुग्ण पाठवणीची एकच यंत्रणा उभारावी आणि लक्षण दिसल्यापासून उपचारापर्यंत किती तास गेले, याची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करावी.

हा प्रश्न उत्तरेपुरता नाही. गडचिरोलीहून नागपूर आणि नंदुरबारहून मुंबई गाठणाऱ्या रुग्णाचेही गणित तेच आहे. किती यंत्रे घेतली याचे आकडे विधिमंडळात नेहमीच मांडले जातात. रुग्णालयात चालत आलेल्यांपैकी किती जण चालत घरी गेले, हा आकडा लोकप्रतिनिधींनी यापुढे मागायला हवा.