नासलेल्या पाण्याचा अभ्यास कोणी करायचा?

पर्यावरण हा विषय आपल्या महाविद्यालयांत आता नवा राहिलेला नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर दिलेल्या आदेशानंतर या विषयाच्या सक्तीच्या अध्यापनास चालना मिळाली, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला, आणि आज कला शाखेचा असो वा वाणिज्याचा, विद्यार्थी अन्नसाखळी, ओझोनचा थर आणि जैवविविधता यांची तोंडओळख करून घेतो आणि मगच पदवीस पात्र होतो. परंतु प्रदूषणाचा भार समाजातील कोणत्या थरावर पडतो, कारखान्याचे सांडपाणी कोणाच्या विहिरीत झिरपते आणि खाणीसाठी गाव उठते तेव्हा ते नेमके कोणाचे असते, या प्रश्नांचा, म्हणजेच पर्यावरणीय न्यायाचा, अभ्यास करण्याची ज्याला मनापासून ओढ आहे, त्या विद्यार्थ्याने अभ्यासाच्या काळात खावे काय आणि राहावे कोठे, याची तजवीज मात्र आपण केलेली नाही. माझे म्हणणे असे की, ही तजवीज ज्या पैशातून व्हावयास हवी तो पैसा कायद्याने आधीच गोळा होत आहे, आणि तो त्या विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही याचे कारण पैशाची टंचाई हे खचित नव्हे.

ही ज्ञानशाखा मुळात विद्यार्थ्यांच्या पायपिटीतून उभी राहिली, हे येथे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९७९ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या एका वस्तीलगत नवी कचराभूमी करण्याचे घाटत होते. रहिवाशांच्या वतीने लिंडा मॅकीव्हर बुलार्ड या वकील बाईंनी दावा दाखल केला, आणि शहराचा कचरा आजवर कोठे कोठे टाकला गेला याची मोजदाद करण्याचे काम त्यांनी आपले पती, टेक्सस सदर्न विद्यापीठातील समाजशास्त्राचे तरुण अध्यापक रॉबर्ट बुलार्ड यांच्यावर सोपविले. बुलार्ड यांनी ते आपल्या संशोधनपद्धतीच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे अभ्यासाचा विषय म्हणून ठेवले. त्या मुलांनी जुनी दप्तरे तपासली, वस्त्यावस्त्यांतून हिंडून पाहणी केली, आणि जे हाती आले ते असे होते की, शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी, कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा आणि खाजगी मालकीच्या चार कचराभूमींपैकी तीन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत होत्या, आणि शहराच्या एकंदर लोकसंख्येत त्या समाजाचा वाटा मात्र सुमारे एक चतुर्थांश होता. दावा न्यायालयात टिकला नाही. तथापि ज्या गोष्टीची कुजबुज प्रत्येक गरीब वस्तीत होत होती, ती प्रथमच आकड्यांत आणि नकाशावर मांडली गेली, आणि त्या मांडणीतून पुढे एका नव्या विद्याशाखेची परंपरा निर्माण झाली.

महाराष्ट्रात अशा मोजदादीची निकड ह्यूस्टनहून तिळभरही कमी नाही. पाणी हा माणुसकीचा हक्क आहे हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्या भूमीत सिद्ध झाले, त्या भूमीत ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे तपासणे त्याच संगराचे पुढचे पाऊल होय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लाविली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या पाठोपाठ चंद्रपूर ८३.८८ गुणांनिशी चौथे आले. तेथील कोळसा खाणींनी भूगर्भातील पाणी उपसल्यामुळे आसपासच्या विहिरी आटतात, खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे नाल्यांच्या वाटा अडवितात, आणि औष्णिक वीजकेंद्राची राख शेतातल्या कापसावर बसते. हे सारे तेथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने ठाऊक असते, परंतु न्यायासनापुढे निरीक्षण चालत नाही, नोंद लागते. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने २०१५ साली १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश काढला, तो केवळ गाऱ्हाणे ऐकून नव्हे. किती तिवरे गेली, खाडीची भरती कोठे अडली, मासळी कोणत्या जागी नाहीशी झाली, हे दाखविता येणे हा अशा प्रत्येक प्रकरणाचा प्राण असतो, आणि ते दाखविण्यासाठी शिकलेले हात लागतात.

हे हात कोणाचे असावेत? बाहेरच्या अभ्यासकाची योग्यता मी कमी लेखीत नाही, पण ज्या मुलीने लहानपणी त्याच विहिरीचे पाणी शेंदले, त्या पाण्याचा रंग कोणत्या महिन्यात बदलतो हे जिला न विचारता सांगता येते, आणि जिच्यापाशी गावातल्या बाया मोकळेपणाने आपल्या दुखण्याखुपण्याविषयी बोलतात, तिच्या हाती मोजमापाची विद्या आली तर तिचा अभ्यास अधिक खोल जाईल, यात मला शंका वाटत नाही. नेमकी हीच मुलगी आजच्या व्यवस्थेत दाराबाहेर राहते. पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था, लवादापुढे उभे राहणारे वकील आणि संशोधनकेंद्रे बहुतांशी पुणे, मुंबई, दिल्ली आणि बंगळूर येथे एकवटलेली आहेत. त्यांपैकी कित्येक स्वतःच देणग्यांवर कशाबशा तगून असल्यामुळे उमेदवारी करण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यास प्रमाणपत्राखेरीज फारसे काही देऊ शकत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. परंतु घुग्घुस किंवा राजुरा येथील मुलीस पुण्यात दोन महिने बिनपगारी इंटर्नशिप करावयाची म्हणजे खोलीचे भाडे, अनामत रक्कम, खानावळ आणि प्रवास एवढाच खर्च नसतो. त्याच दिवसांत कापसाची वेचणी आली तर तिच्या मजुरीचा जो आधार घराला असतो तोही तुटतो. ज्याच्या घरी दोन महिन्यांची बेगमी आहे त्यालाच अनुभव मिळावा, आणि पुढे त्या अनुभवाच्या बळावर त्यालाच नोकरी, शिष्यवृत्ती व परदेशगमन साध्य व्हावे, असा हा क्रम आहे. अन्यायाचा अभ्यास करणाऱ्या शाखेनेच तो मुकाट्याने चालू ठेवावा, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

शिष्यवृत्त्या नाहीत असे नव्हे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना असून मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. या योजनांनी असंख्य मुलांचे शिक्षण तारले. पण त्यांची रचना महाविद्यालयाच्या गावी राहून वर्गात बसण्यासाठी केलेली असल्यामुळे, प्रत्यक्ष क्षेत्रावर घालविण्याच्या महिन्यांचा विचार त्यांत नाही. उलट ज्या योजनांत कामाचा अनुभव हेच उद्दिष्ट आहे त्यांत विद्यार्थी बसत नाही. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू करून बारावी उत्तीर्णास ६,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविले, केंद्रानेही त्याच वर्षी देशातील ५०० मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी दरमहा ५,००० रुपयांची योजना आखली, आणि शिकाऊ माणसाच्या श्रमालाही मोल आहे हे तत्त्व या दोन्ही योजनांनी सरकारी दप्तरात मान्य करविले, हे स्वागतार्ह आहे. मात्र राज्याच्या योजनेत ज्याचे शिक्षण चालू आहे तो अपात्र ठरतो आणि केंद्राच्या योजनेत पूर्णवेळ शिकणाऱ्यास वाव नाही. इकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणास श्रेयांक दिलेले आहेत. म्हणजे विद्यार्थ्याने काम केलेच पाहिजे असा दंडक एका खात्याने घालावा, आणि विद्यार्थी आहे म्हणून त्याला विद्यावेतन मिळणार नाही असा दंडक दुसऱ्याने घालावा, अशी ही स्थिती आहे.

वस्तुतः श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा वस्तुपाठ आपल्याच प्रांतात घालून दिलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा गरिबाच्या मुलाने कोणाच्या उपकारावर न शिकता स्वतःच्या घामावर शिकावे हा विचार त्यांनी प्रत्यक्ष आचरणात आणून दाखविला. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आजही विद्यापीठांत चालू आहे. तीत मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, बागेत खपतात, कार्यालयात नोंदी करतात. ही कामे हलकी आहेत असे मी कदापि म्हणणार नाही. पण तोच तासांचा हिशेब आणि तोच मोबदला कायम ठेवून, त्या मुलाने आपल्या तालुक्यातील वीस विहिरींच्या पाण्याचे नमुने दर पंधरवड्यास घ्यावेत अशी योजना केली, तर त्याच्या श्रमातून त्याचे पोटही चालेल आणि गावाच्या हाती वर्षभराची नोंदही येईल.

आता पैशाविषयी. खाण व खनिज अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती होऊन, खाणकामाने बाधित झालेल्या व्यक्तींच्या आणि क्षेत्रांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. त्यांत जुन्या खाणपट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि त्या वर्षाच्या जानेवारीत झालेल्या दुरुस्तीनंतर पट्टा मिळालेल्यांनी १० टक्के रक्कम भरावयाची असते. या निधीच्या अग्रक्रमाच्या विषयांत पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण आणि कौशल्यविकास हे पाचही आहेत. खाणबाधित गावातील विद्यार्थ्याने विद्यावेतन घेऊन आपल्या गावचे पाणी, हवा आणि आरोग्य यांची शास्त्रीय पाहणी करावी, या एकाच कामात हे पाचही विषय एकत्र येतात. खर्चाचा अंदाज करावयाचा तर शंभर विद्यार्थ्यांना सहा महिने दरमहा १०,००० रुपये दिल्यास ६० लाख रुपये लागतील. कोळशाच्या जिल्ह्यात या निधीत जमणाऱ्या रकमेपुढे हा खर्च नगण्य आहे. तरी तो होत नाही, कारण रस्ता किंवा इमारत डोळ्यांना दिसते, तिचे अंदाजपत्रक करण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, आणि माणूस घडविण्याच्या खर्चासाठी मात्र हिशेबाच्या वहीत शीर्षच उघडलेले नसते.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी हा दुसरा मार्ग काहीजण सुचवितात. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते, आणि पर्यावरण व शिक्षण हे दोन्ही विषय त्यात मोडतात. परंतु जिच्या सांडपाण्याची तपासणी करावयाची तिच्याच हातून विद्यावेतन घेणारा विद्यार्थी कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या अहवालावर लोकांचा विश्वास बसणार नाही, आणि तो बसू नये हेच योग्य. सबब अशी रक्कम घ्यावयाची असेल तर ती विद्यापीठाच्या सामाईक निधीत जमा व्हावी, आणि कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या गावी काम करावे हे ठरविण्यात देणगीदाराचा काडीमात्र संबंध असू नये. शासनाच्या मर्जीवरही सर्वस्वी विसंबून चालणार नाही. अमेरिकेत १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाविषयी जो आदेश काढला, त्याच्या आधाराने तीन दशके धोरणे आखली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो एका सहीने रद्द केला. आपल्याकडील खनिज निधीची मुळे अधिनियमात आहेत, तो एका सहीने आटणारा नाही, म्हणूनच मला तो अधिक भरवशाचा वाटतो.

काम काय द्यावे याची चिंता करण्याचे कारण नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते आणि तिच्यासाठी किमान तीस दिवसांची नोटीस असते. प्रकल्पाचा मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो, आणि गावकऱ्यांच्या हाती मराठीतील सारांश तेवढा पडतो. त्या तीस दिवसांत तो अहवाल वाचून, त्यातील पाण्याचे व हवेचे आकडे प्रत्यक्षाशी ताडून, ग्रामसभेपुढे मराठीत मांडणारे दोन विद्यार्थी प्रत्येक बाधित गावास मिळाले तर सुनावणीचे स्वरूपच पालटेल. २००६ च्याच वनहक्क कायद्याखाली ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले, तेथे वनाचा व्यवस्थापन आराखडा करावयाचा असतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली हे हक्क मिळविले, त्याच्यामागे गावातल्या अभ्यासगटांची कित्येक वर्षांची चर्चा होती. बाहेरचा शिकलेला माणूस आणि गावचा जाणता माणूस एका सतरंजीवर बसून कायदा वाचतात तेव्हा कोण कोणाला शिकवितो हा भेद उरत नाही, हे मेंढ्याने दाखवून दिले. अशा ग्रामसभेत केलेली उमेदवारी राजधानीतील कोणत्याही कार्यालयातल्या उमेदवारीइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, प्रतिष्ठेची मानली गेली पाहिजे.

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या खनिज प्रतिष्ठानांनी येत्या वार्षिक आराखड्यात विद्यावेतनाचे स्वतंत्र शीर्ष उघडावे, आणि गोंडवाना, नागपूर व अमरावती या तीन विद्यापीठांशी त्यासाठी करार करावा. निवड बाधित गावांतील विद्यार्थ्यांतून, ग्रामसभेच्या शिफारशीने व्हावी, आणि शिक्षण चालू असणे ही त्यात अपात्रता न ठरता पात्रता ठरावी. विद्यावेतन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थेट खात्यावर पडावे, कारण वर्ष उलटून गेल्यावर हाती येणाऱ्या रकमेने खानावळीचे देणे भागत नाही. प्रत्येक पाहणीचा अहवाल मराठीत लिहिला जावा, प्रथम त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा, आणि त्याची प्रत तहसील कचेरीत व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्हा कार्यालयात दाखल करून घेण्याचे बंधन जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी हुकुमाने घालावे.