मोजायचे पैसे

‘अजून एक रिपोर्ट? त्यापेक्षा तेच पैसे गरिबांना वाटा ना!’ अमेरिकेतल्या वांशिक विषमतेवर संशोधन करायला निधी द्यावा का, हा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. ऐकायला भारी वाटतं. मला हा युक्तिवाद लबाड वाटतो, कारण तो करणारे वाटत तर काहीच नाहीत.

१९४७ चं मिसिसिपी घ्या. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घर, धंदा, शेतीसाठी सरकारी हमीची कर्जं मिळत होती. ‘एबनी’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने तिथल्या १३ शहरांत पाहणी केली. ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली २. दोनशे नव्हे, दोन! हे मोजलंच नसतं, तर आज कुणीही तोंड वर करून म्हणाला असता, ‘त्यांनी अर्जच केले नसतील.’

न मिळालेलं घर नातवालाही मिळत नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती साधारण २,८५,००० डॉलर, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५,००० च्या आसपास. पगार महिनाअखेर संपतो, आजोबांचं घर उरतं.

आणि तब्येत? कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी आयकराच्या नोंदींशी जोडून काही अर्थतज्ज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं, की सर्वांत जास्त उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय आयांची बाळंही जन्मताना सर्वांत गरीब गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षा मागेच असतात. म्हणजे नुसत्या उत्पन्नाने भागत नाही. मग आडवं काय येतं? साठवलेल्या पैशाचा अभाव, वस्ती, की दवाखान्यातली वागणूक? कशाचा वाटा किती, हे न शोधता धोरण आखणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि अशा नोंदी जोडायला माणसं लागतात, वर्षं लागतात. फुकट होत नाही ते.

२०२५ मध्ये ट्रम्प सरकारने हाच नळ बंद करायला घेतला. एनआयएच या सरकारी संस्थेची शेकडो संशोधन-अनुदानं मधेच रद्द झाली, त्यात आरोग्यातल्या विषमतेवरची कितीतरी. जूनमध्ये एका न्यायाधीशाने ते बेकायदा ठरवलं; ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कपात तूर्त चालू राहू दिली. खासगी देणगीदारांवरही माझा राग आहेच. आजाऱ्याच्या सवयी मोजायला पैसे निघतात. कर्ज, वारसा, कर यांवर बोट ठेवायचं म्हटलं की हात आखडतो.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केली होती. आणि २०११ नंतर आपल्याकडे घरोघरी जाऊन गोळा केलेली जातींची आकडेवारी सरकारने दाबूनच ठेवली.

संशोधनाने मिळतं काय? डॅरिक हॅमिल्टन आणि विल्यम डॅरिटी हे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं ‘बेबी बॉन्ड’ची कल्पना आकडेमोडीसह मांडत राहिले. आता कनेक्टिकट राज्य १ जुलै २०२३ पासून गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावे ३,२०० डॉलर गुंतवतं. मोठेपणी घर, शिक्षण, धंद्यासाठी ते वापरता येतील. पहिली मुलं २०४१ मध्ये अठराची होतील. या पैशाने त्यांच्या तब्येतीत काय फरक पडला हे तेव्हा पाहायचं, तर नोंदी आजपासून ठेवायला हव्यात, आणि त्या ठेवणाऱ्यांचा पगारही आजपासूनच लागणार.