वरकसावरची नाचणी आणि बाटलीतले सोयाबीन

भोरच्या बाजारपेठेत औषधांच्या फळीवर, हाडांच्या बळकटीसाठी म्हणून मांडलेल्या सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या पाहिल्या, की ज्या बायांचा उभा जन्म गुडघाभर चिखलात भाताची लावणी करण्यात गेला, त्यांना पन्नाशीनंतर हा खर्च कोणत्या आधारावर सुचविला जातो, याची चौकशी करावीशी वाटते.

आधार अगदीच पोकळ नाही. सोयाबीनमधील जेनिस्टीन आणि डेडझीन या आयसोफ्लेवोन द्रव्यांची घडण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. आणि रजोनिवृत्तीनंतर ज्याच्या अभावी हाडांची झीज भरून येण्यापेक्षा अधिक वेगाने होऊ लागते, त्या इस्ट्रोजेनची उणीव ही द्रव्ये अंशतः भरून काढतील, ही संशोधकांची आशा तर्कसंगतच होती. परंतु अमेरिकेत मायामी येथे २४८ स्त्रियांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन घेणाऱ्यांच्या आणि औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांच्या अस्थिघनतेत लक्षणीय फरक आढळला नाही. इतर काही प्रयोगांत अल्पस्वल्प लाभ दिसला, हे खरे; पण डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य बनविणारे जिवाणू सर्वांच्याच आतड्यांत नसतात.

सोयाबीनशी माझा दावा नाही. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने त्याचे उत्तम वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले आहेत. नीट शिजविलेले सोयाबीन प्रथिनांसाठी अवश्य खावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र दोहोंत काही तासांचे अंतर राखावे.

पण हाडांचाच प्रश्न असेल, तर तोरणा-राजगडाच्या उतारांवर, महसुली दप्तरात वरकस म्हणून हिणकस ठरलेल्या जमिनीत पिकणाऱ्या नाचणीचा विचार प्रथम व्हावयास हवा. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दुधाच्या तेवढ्याच वजनात ते १२०च्या आसपास. नाचणीतील फायटेट त्यातील काही भाग अडवून धरते, पण तिला मोड आणण्याची आणि आंबील करण्याची आपल्या आज्यांची रीत ही अडवणूक पुष्कळशी कमी करते, आणि त्यासाठी त्यांना कोणा प्रयोगशाळेचा दाखला लागला नाही.

आज वेल्ह्याच्या या उतारांवर बंगल्यांची तारेची कुंपणे चढत आहेत. ज्या खाचरवाल्यांकडे अजून चार गुंठे नाचणी उरली आहे, त्यांची ती वाजवी दराने खरीदून इथल्याच रास्त भाव दुकानांत गहू-तांदळाच्या जोडीला नियमाने का ठेवू नये, याचा खुलासा तहसील कचेरीकडून नव्हे, मंत्रालयाकडून मागावयाचा आहे.