जुना लॅपटॉप : ऐब सांगा, भाव टिकेल

आमच्या पुसेगावात लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. परीक्षेचे फॉर्म भरून देणाऱ्याला तो लागतो, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करणाऱ्याला लागतो, जीएसटीचे विवरण भरणाऱ्या आमच्यासारख्या कापड-व्यापाऱ्यालाही लागतो. बारावीनंतर गावाबाहेर शिकायला निघालेल्या मुलामुलींना तर तो वही-पेनाइतका आवश्यक झाला आहे. अडचण पैशाची आहे. नवा घ्यावा तर एकरकमी पैसा नाही आणि हप्त्यावर घ्यावा तर बहुधा व्याज आलेच. व्याजापासून दूर राहू इच्छिणारा माणूस मग जुन्या लॅपटॉपकडे वळतो. हा मार्ग चुकीचा नाही, उलट शहाणपणाचा आहे असे आमचे मत आहे. मात्र त्यासाठी एक अट आहे. विकणाऱ्याने मालाचा ऐब तोंडाने सांगितला पाहिजे आणि बिलावर लिहून दिला पाहिजे.

हा माल येतो कुठून, ते आधी पाहू. पुणे, मुंबई, बंगळूर येथील मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गासाठी उंची लॅपटॉप घेतात आणि साधारण तीन-चार वर्षांनी ते एकदम बदलतात. काढलेला माल लॉटने विकला जातो. तो दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर आणि अशाच इतर बाजारांत पोहोचतो. तेथे साफसफाई आणि दुरुस्ती होऊन तो जिल्ह्याच्या गावांत येतो. नवा असताना जो लाखाच्या घरात होता तोच मग बहुधा पाव-तिसऱ्या हिश्श्यात मिळतो. म्हणजे प्लॅस्टिकच्या साध्या नव्या लॅपटॉपच्या किमतीत, किंवा त्याहूनही कमीत, मजबूत बांधणीचे यंत्र रोखीने घरी येते.

मजबूत बांधणी म्हणजे काय, हे आमच्या कापडवाल्या बांधवांना समजावून सांगण्याची गरज नसावी. खळ चढवलेले कापड दुकानात भरीव लागते, पण एका धुण्यात त्याचा पोत उघडा पडतो. स्वस्त लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याच्या पडद्याची बिजागरी प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांवर कसलेली असते. रोज उघड-मीट होऊन प्लॅस्टिक तडकते, नट उपटून येतो आणि पडदा एका बाजूने सुटतो. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांच्या वरच्या मालिकांत मॅग्नेशियमचा मिश्रधातू, ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबर वापरलेले असते आणि बिजागरीलाही पक्का आधार असतो. अशी अनेक यंत्रे अमेरिकी लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या प्रमाणानुसार तपासलेली असतात. मात्र ही कसोटी नव्या नमुन्यांवर घेतलेली असते. पाच वर्षे वापरलेल्या यंत्राबद्दल ती काहीच सांगत नाही.

जुन्या मालाला भाव टिकतो तो केवळ धातूमुळे नव्हे, तर तो दुरुस्त होऊ शकतो म्हणून. थिंकपॅड हे नाव आयबीएमने १९९२ साली बाजारात आणले आणि २००५ मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला. या यंत्रांच्या दुरुस्तीची पुस्तिका कंपनी सर्वांसाठी खुली ठेवते. कोणता स्क्रू कुठे आहे, कीबोर्ड कसा काढावा, हे त्यात चित्रांसह असते. डेल आणि एचपीही आपल्या व्यावसायिक यंत्रांच्या अशा पुस्तिका देतात. एकाच नमुन्याची यंत्रे कंपन्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडत असल्यामुळे सुटे भागही मिळतात. म्हणून लहान गावातला हुशार कारागीरही ती दुरुस्त करू शकतो. जे यंत्र आपल्या गावचा मिस्त्री उघडू शकतो, त्यालाच आपल्या गावात खरी किंमत आहे.

नुसत्या मोठ्या नावावर भाळू नये, याचाही दाखला आहे. ॲपलने २०१५ पासून आपल्या मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ नावाचा पातळ कीबोर्ड बसवला. त्याची बटणे अडकतात, अशा तक्रारी झाल्या. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस ती जुन्या पद्धतीच्या कीबोर्डकडे वळू लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील दाव्यात ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. शरीर ॲल्युमिनियमचे आणि दिसणे देखणे असले, तरी त्या वर्षांतला जुना मॅकबुक घेताना प्रत्येक बटण दाबून पाहिले पाहिजे. शिवाय आजच्या मॅकबुकमध्ये आणि बऱ्याच अतिपातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही, हे विकणाऱ्याने सांगायला हवे.

आता ज्या ऐबांवर खरा व्यवहार बिघडतो ते पाहू. पहिला ऐब वयाचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र आजही चालते, त्यावर लिनक्स घालून कामही होते, पण त्याला आठव्या पिढीचा भाव सांगणे बरोबर नाही. ॲपलनेही २०२५ मध्ये जाहीर केले आहे की इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती राहील.

दुसरा ऐब बॅटरीचा. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देते. नवी असतानाची क्षमता ५०,००० आणि आताची ३५,००० मिलिवॉट-तास असेल तर बॅटरी ७० टक्के उरली, एवढा हा साधा हिशेब आहे. बॅटरी फुगली असेल तर टचपॅड वर उचललेला दिसतो. तसे यंत्र वापरू नये आणि विकूही नये.

तिसरा ऐब कुलपाचा, आणि तो सर्वांत घातक आहे. कंपनीतून आलेल्या यंत्रावर बायोसचा पासवर्ड किंवा कंपनीचे दूरनियंत्रण राहिलेले असू शकते. २०१८ नंतरच्या अनेक मॅकबुकवर आधीच्या मालकाच्या खात्याचे ॲक्टिव्हेशन लॉक असू शकते. मूळ मालकाने सोडल्याशिवाय असे यंत्र नीट वापरता येत नाही. एखाद्या बापाने वर्षभर जमवलेले पैसे अशा यंत्रात गेले, तर मुलीचे एक शैक्षणिक वर्ष पणाला लागते.

आमचीही फसगत झाली आहे. दुकानासाठी एका मोठ्या शहरातून आम्ही जुना लॅपटॉप आणला. पॉलिश केलेला, वर नवी फिल्म चिकटवलेला, अगदी कोरा दिसत होता. दोन महिन्यांत डाव्या बाजूची बिजागरी उचकटली. गावातल्या कारागिराने उघडून दाखवले, तर आत आधीच तुटलेला भाग चिकटवून ठेवलेला होता. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही पाहूनच घेतला होता ना?” तीस वर्षे कापडाची खळ बोटांनी ओळखणारे आम्ही, पण पॉलिशला फसलो. राग आला, परंतु त्याहून अधिक शरम वाटली. कारण हेच वाक्य आम्हीही गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला ऐकवलेले आहे.

१९३० च्या मालविक्री कायद्याचा पाया, काही अपवादांसह, गिऱ्हाइकाने स्वतः पाहून घ्यावे असाच आहे. आमच्या दीनची शिकवण मात्र विकणाऱ्याला आधी विचारते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जाताना त्यांनी आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. कापडवाल्यांना दुसरा दाखला अधिक जवळचा वाटेल. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातले रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने ऐब असलेले एक कापड ऐब न सांगता विकले. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची सारी रक्कम दान करून टाकली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. फिकहमध्ये तर ऐब निघाल्यास माल परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क ‘खियार-ए-ऐब’ या नावाने मान्यच आहे.

म्हणून या धंद्यात असलेल्या आमच्या तरुणांना आमची विनंती आहे की प्रत्येक जुन्या लॅपटॉपसोबत एक चिठ्ठी द्यावी. त्यावर सीरियल नंबर, प्रोसेसरची पिढी, बॅटरीची उरलेली टक्केवारी, बदललेले भाग, उघडून जोडलेले भाग, कुलूप नसल्याची खात्री आणि परत घेण्याची मुदत एवढ्या सात गोष्टी लिहाव्यात. खालच्या झाकणावरचा सीरियल नंबर आणि बायोसमधला नंबर जुळतो का, ते गिऱ्हाइकासमोर दाखवावे. जुळत नसेल तर झाकण किंवा बोर्ड बदललेले असण्याची शक्यता असते. स्वतः खरेदी करतानाही बिल घ्यावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि शरीअतमध्येही ती कमाई हलाल नाही. बिलाने करही वाचतो. जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे जुन्या मालाचा व्यापारी खरेदीवरची करवजावट घेत नसेल, तर कर केवळ खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. १८,००० ला घेऊन २२,००० ला विकला, तर कराचा हिशेब ४,००० वरच होतो. पण त्यासाठी वह्या सरळ हव्यात.

कोणी म्हणेल, ऐब सांगितला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. एखादे जाईलही. परंतु जुन्या मालाला भाव कमी मिळतो त्याचे मोठे कारण भीती हे आहे. आत काय निघेल हे माहीत नसलेला माणूस त्या भीतीचे पैसे किमतीतून कापून घेतो. ऐब कळला की तो फक्त ऐबाचे पैसे कापतो. बॅटरी ७० टक्के आहे हे कळले, तर तो बॅटरीपुरती घासाघीस करील, साऱ्या यंत्रावर संशय घेणार नाही. आणि पुसेगावसारख्या गावात एक समाधानी गिऱ्हाईक दहा घरांत बोलते, तसे फसलेलेही बोलते.

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. आमच्या दुकानात सेकंडचा माल आता वेगळ्या फळीवर ठेवला आहे आणि डाग कुठे आहे ते मोजणी करण्याआधी दाखवले जाते. आमचा तो बिजागरी तुटलेला लॅपटॉप कारागिराने दुरुस्त करून दिला आहे. पुढेमागे तो विकायचा झाला, तर पहिली ओळ बिजागरीचीच लिहिली जाईल. भाव थोडा कमी आला तरी चालेल. उरेल तो हलाल असेल आणि अल्लाह त्यात बरकत देईल, अशी आमची खात्री आहे.