आधी कॅपरॉक, मग क्षमतेचे आकडे

दख्खनच्या बेसाल्टमध्ये किती अब्ज टन कार्बन डायऑक्साइड मावेल, याचे अंदाज सध्या परिसंवादांतून आणि अहवालांतून सतत कानी पडतात. निती आयोगाने २०२२ मध्ये या विषयाचा आराखडा मांडला, मुंबईच्या आयआयटीत राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. विषयाला जोर आला हे चांगलेच झाले. पण क्षमतेच्या या गणितात एक प्रश्न मागेच राहतो. खाली सोडलेल्या वायूला वर येण्यापासून अडवणार कोण, आणि किती काळ?

सुमारे ८०० मीटरच्या खाली दाब आणि तापमान असे असते की हा वायू द्रवासारखा दाट होतो. तरीही तो खाऱ्या भूजलापेक्षा हलकाच, म्हणून वर सरकतो. सुरुवातीला त्याला थोपवण्याची सगळी जबाबदारी एकट्या कॅपरॉकवर असते. शेलमधली पाण्याने भरलेली नॅनोमीटर रुंदीची छिद्रे केशिकादाबाच्या जोरावर त्याला आत शिरू देत नाहीत. पुढे काही वायू वालुकाश्माच्या छिद्रांतच अडकून पडतो, काही पाण्यात विरघळतो. ते पाणी किंचित जड होऊन खाली बसू लागते. शेवटी, फार सावकाश, कार्बोनेट खनिजे तयार होतात. म्हणजे काळ जाईल तसा कॅपरॉकवरचा भार हलका होत जातो. खरी कसोटी पहिल्या काही दशकांची, कारण दाब सर्वांत जास्त तेव्हाच असतो आणि विरघळलेला वाटा सर्वांत कमी.

उत्तर समुद्रातील स्लाइपनर येथे १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात वर्षाला सुमारे दहा लाख टनांपर्यंत वायू सोडला गेला. त्या वालुकाश्माच्या पोटात पंकाश्माचे पातळ थर आहेत. १९९९ च्या भूकंपीय सर्वेक्षणात दिसले की वायू त्यांतून वाट काढत थेट माथ्यापर्यंत पोचला होता. माथ्यावरच्या जाड नॉर्डलँड शेलने मात्र त्याला रोखून धरले आहे. पातळ थरही पंकाश्माचेच होते. खडकाचे नाव लिहिले म्हणजे त्याची रोधक्षमता कळली असे होत नाही, आणि लॉगवर ‘शेल’ अशी नोंद करून पुढे जाण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल. मिथेन लाखो वर्षे अडवणारा थर तेवढ्याच उंचीचा कार्बन डायऑक्साइडचा स्तंभ पेलेलच, हेही गृहीत धरता येत नाही. पाणी आणि या वायूमधला पृष्ठताण कमी असतो.

अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ ते २०११ या काळात सुमारे ३८ लाख टन वायू जमिनीत गेला. उपग्रहाच्या रडारने इंजेक्शन विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे टिपले. कॅपरॉकच्या खालच्या भागात भेगा उघडल्याची शक्यता पुढे आली आणि काम थांबवण्यात आले. कॅपरॉक भेदून वायू पृष्ठभागापर्यंत आला नाही, पण दाबाने काय होऊ शकते ते दिसले.

अमेरिकेतील युटा राज्यात ग्रीन रिव्हरजवळ निसर्गानेच हा प्रयोग मांडून ठेवला आहे. तिथे विभंगांतून वायू आजही बाहेर येतो, कारंजी उडतात. तिथल्याच कॅपरॉकचा गाभा तपासला, तेव्हा मात्र आम्लयुक्त पाण्याची अभिक्रिया सुमारे एक लाख वर्षांत जेमतेम सात सेंटिमीटर आत शिरलेली आढळली. अखंड शेल टिकतो. घात होतो तो फटीतून. किंवा माणसाने पाडलेल्या भोकातून: इलिनॉयमधील डेकाटूर येथे २०२४ मध्ये जी गळती उघड झाली, ती निरीक्षण विहिरीच्या गंजलेल्या पोलादातून झाली होती.

आता दख्खन. आइसलँडमधील हेलिशेइदी येथे बेसाल्टात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला, हा दाखला आपल्याकडे आवडीने दिला जातो. पण तिथे वायू आधी पाण्यात विरघळवलेला होता. असे पाणी तरंगत वर येत नाही, त्यामुळे कॅपरॉकची गरज जवळजवळ उरत नाही. त्यासाठी टनामागे पंचवीसेक टन पाणी लागते. मराठवाड्यात ते कुठून आणणार? कोरडा वायू सोडायचा तर वॉशिंग्टन राज्यातील वालुला जवळचे ठरते. २०१३ मध्ये तिथे सुमारे एक हजार टन वायू बेसाल्ट प्रवाहांच्या सच्छिद्र माथ्यांत सोडला गेला; वरच्या प्रवाहांचे घट्ट गाभे हेच कॅपरॉक होते.

आपल्याकडे ही जोडी म्हणजे मांजऱ्या आणि काळा पाषाण. मांजऱ्यातली पोकळी बऱ्याच ठिकाणी झिओलाइट आणि कॅल्साइटने आधीच भरलेली आहे, आणि पाषाणात स्तंभीय सांधे आहेत, डाइक घुसलेले आहेत. जाडीही सर्वत्र पुरेशी नाही. कोयना परिसरात रसाटीच्या बोअरमध्ये बेसाल्ट सुमारे ९३० मीटरपर्यंत गेला, किल्लारीला ३३८ मीटरवरच संपला. तिथे ८०० मीटरची अटच पूर्ण होत नाही. जिथे होते त्या कोयनेत जलाशय भरल्यापासून भूकंप होत आहेत. दाबातला थोडा बदलही विभंग हलवायला पुरतो. साऱ्या पाच लाख चौरस किलोमीटरना एकाच सरासरी सच्छिद्रतेने गुणून काढलेला आकडा म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

पाषाणाच्या गाभ्यावरचे पाऱ्याने मोजलेले केशिकादाब, बोअरमधील लीक-ऑफ चाचण्या, सांध्यांत कोणते खनिज भरले आहे आणि किती घट्ट, याच्या नोंदी ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या पाठवाव्यात. मोजमाप एकाच बोअरचे असले तरी चालेल. जिथे थर दाब धरू शकला नाही, त्या नोंदी आम्ही आधी छापू.